जुन्या कॅनमध्ये पुन्हा दूध घालण्याआधी

पुणे-लोणावळा लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला दुधाचे कॅन नवे नाहीत. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, अशा स्टेशनांवरून मावळच्या गोठ्यांतलं दूध वर्षानुवर्षं पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात उतरत आलं आहे. ॲल्युमिनियमचे चाळीस लिटरचे कॅन, कडीच्या किटल्या, दांड्याची मापं, आणि त्याआधीच्या पिढीतल्या पितळी कासंड्या नि चरव्या हा सगळा सरंजाम आता गोठ्यातून माळ्यावर, माळ्यावरून भंगारात आणि भंगारातून लोणावळ्याच्या बंगल्यांत पोचू लागला आहे. कोणी त्यात छत्र्या ठेवतं, कोणी फुलांच्या फांद्या. त्याला हरकत असायचं कारण नाही. पण पवनेच्या काठावर, कार्ल्याच्या बाजूला जी शेतघरं पाहुण्यांसाठी उघडली आहेत, तिथे अशा कासंडीतून ताक वाढायची आणि जुन्या कॅनमध्ये दूध साठवायची हौसही वाढते आहे. घरोघरीही आजीची चरवी खाली उतरते, चिंचेने लखलखीत घासली जाते आणि त्यात दूध तापायला ठेवलं जातं.

भांडं चकचकीत झालं म्हणजे ते वापरण्याजोगं झालं, असं यात गृहीत धरलेलं असतं. दुधाच्या बाबतीत हे गृहीत धरणं धोक्याचं आहे, आणि त्याचा सगळ्यात दुःखद पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यातून जगापुढे आला आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्याच्या केईएम रुग्णालयात यकृत निकामी होत चाललेली तान्ही मुलं आणली जात. वय बहुधा सहा महिने ते तीन वर्षं. पोट फुगलेलं, यकृत वाढून कडक झालेलं, पुढे कावीळ, आणि बहुतेकांचा काही महिन्यांत मृत्यू. ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ या नावानेच हा आजार वैद्यकाच्या पुस्तकांत होता, कारण तो प्रामुख्याने भारतातच दिसे. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड आढळत होतं. ते कुठून येतं, याचा शोध केईएमचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घ्यायचं ठरवलं. त्यांनी आयांना अगदी साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कितव्या महिन्यात सुरू केलं? ते कोणत्या भांड्यात तापवलं? कोणत्या भांड्यात ठेवलं? आजारी मुलांच्या घरी गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवण्याची रीत होती. निरोगी मुलांच्या घरी हा प्रकार कितीतरी कमी होता. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला आणि पुढच्या काही वर्षांत आणखी काटेकोर तुलनांनी तो पक्का झाला.

दुधात तांबं उतरतं कसं, हेही नंतर प्रयोगशाळेत तपासलं गेलं. पितळेत ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरतं ते थोडंच. दुधाचं तसं नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं, त्यामुळे भांड्याच्या पृष्ठभागावरून सुटलेलं तांबं दूध ओढून घेत राहतं. दूध जितका वेळ भांड्यात, तितकं अधिक. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, तान्ह्या बाळाच्या यकृताला ते तितकं जमत नाही. यात आनुवंशिक दुबळेपणाचाही हात असावा, असं पुढच्या अभ्यासकांनी मांडलं, कारण पितळेतलं दूध प्यायलेली सगळीच मुलं आजारी पडली नव्हती. तरीही घराघरांत पितळेची जागा स्टीलने घेतली तसा हा आजार ओसरत गेला. आज बालरोगतज्ज्ञांच्या नव्या पिढीने तो फारसा पाहिलेलाही नाही. ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ मुलुखात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ लहान मुलं दगावल्याची नोंद आहे. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळायची पद्धत होती, आणि तिथेही भांडी बदलल्यावर आजार गेला.

हे भीती घालायला लिहीत नाही. पितळी पेल्यातलं ताक एकदा प्यायल्याने धडधाकट पाहुण्याचं यकृत जात नाही. फार तर ताक कळकलेलं लागेल, मळमळेल, उलटी होईल. पण घरात तान्हं मूल असेल आणि आजीची चरवी पुन्हा चुलीवर चढणार असेल, तर ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी.

म्हणून जुनं भांडं हातात आलं की पहिला प्रश्न ‘याचा डाग कशाने निघेल’ हा नाही. दुधाला आतून कोणता धातू लागणार, हा पहिला प्रश्न. बाहेरून भांडं काळं राहिलं तरी दुधाचं काही बिघडत नाही.

पितळ आणि तांब्यापासूनच सुरुवात करू. चिंच, लिंबू-मीठ किंवा बाजारातली पितळेची पूड काय करते? भांड्यावर चढलेला ऑक्साइडचा काळपट थर आम्लाने विरघळवते आणि खालचा ताजा धातू उघडा करते. डोळ्यांना ते सोन्यासारखं दिसतं, पण दुधाच्या किंवा दह्याच्या दृष्टीने भांडं त्या घडीला सर्वांत उघडं असतं. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८, म्हणजे जवळजवळ उदासीन. दह्या-ताकाचा साडेचारच्या आसपास. इतक्या आंबट पदार्थात तांबं झपाट्याने उतरतं. लोण्या-तुपालाही ते मानवत नाही. तांब्याचा अगदी लवलेश स्निग्धांशाला लागला तरी त्याचं ऑक्सिडेशन वेगाने होतं आणि तुपाला जुनाट, खवट वास येतो.

यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच उपाय होता, कल्हई. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या १९५५च्या नियमांतही नीट कल्हई न केलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी अयोग्य ठरवलेलं होतं. गंजलेली भांडी आणि टवके उडून गंज चढलेली मिन्याची भांडी त्याच यादीत होती.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या परिसरात आजही हे काम करणारे हात आहेत. मावळात पूर्वी दारोदार हिंडणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो, त्यामुळे भांडं घेऊन पुण्यालाच जावं लागतं, आणि ती फेरी वाया जात नाही. कल्हई होताना जवळ उभं राहून बघावं. आधी भांडं आतून आम्लाने आणि वाळूने घासून कोरं करतात. तेलकटपणाचा ठिपका राहिला तरी कथील तिथे बसत नाही. मग भात्याच्या निखाऱ्यावर भांडं फिरवत तापवतात. आत नवसागराची पूड टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. नवसागर उष्णतेने फुटून त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती धातूवरचा उरलासुरला ऑक्साइड खाऊन टाकते. त्याच क्षणी कथलाची कांडी आत टेकवली जाते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचा रुपेरी थेंब होतो, आणि कारागीर कापसाच्या बोळ्याने तो थेंब काठापर्यंत पसरवत नेतो. हात फिरेल तसं पिवळं पितळ पांढरं होत जातं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. “ताई, गळ्याशी धरलं नाही, परत टाकतो,” असं म्हणून भांडं पुन्हा निखाऱ्यावर धरणारा कारागीर भेटला तर त्याचे दोन पैसे जास्त द्यावेत. कासंडीचा आत वळलेला गळा हीच कल्हई चुकण्याची जागा असते.

इथे एक गोष्ट ठासून विचारायला हवी, कांडी शुद्ध कथलाची आहे का? कथील महाग, शिसं स्वस्त. दोन्ही मिसळली तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागतं, काम सोपं होतं, आणि शिसं दुधात उतरतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणाम भरून येत नाही. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की करकर असा आवाज येतो, शिसं मिसळलं की तो मंदावतो. शिशाचं प्रमाण जास्त असलेली कल्हई कोऱ्या पांढऱ्या कागदावर घासली तर करडी रेघ उमटते. मात्र रेघ उमटली नाही म्हणून शिसं नाहीच, असं समजता येत नाही. शंका असेल तर धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत भांडं न कापता किरणांनी तपासून मिळतं. हॉटेल चालवणाऱ्याने तेवढा खर्च करावाच.

कल्हई झाल्यावर त्या भांड्यात काथ्या, तारेची घासणी, राख यांपैकी काहीही चालत नाही. मऊ फडकं आणि साबण पुरे. ढवळायला लाकडी डाव. रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरलं तर कथील वितळून तळाशी गोळा होईल. आतून पिवळा धातू दिसू लागला की दूध थांबवायचं आणि पुन्हा कल्हईला न्यायचं. काही जुन्या पितळी भांड्यांवर आतून तांबूस-गुलाबी चट्टे दिसतात. तो मळ नसतो. पितळेतलं जस्त आम्लाने निघून जाऊन मागे सच्छिद्र तांबं उरलेलं असतं. असे चट्टे मोठे असतील तर त्या भांड्याला कल्हईही फार दिवस धरत नाही.

आता कॅन. मावळातून गोळा होणाऱ्या जुन्या सामानात ॲल्युमिनियमचे कॅन सर्वाधिक, आणि चुकीच्या साफसफाईने सर्वाधिक खराब होतात तेही हेच. झाकण काढून हात आत घाला आणि खांद्याच्या आतल्या वळणावरून बोट फिरवा. गुळगुळीत धातूऐवजी खरखरीत, पिवळट-करडा थर बोटाला लागतो. नखाने ओरखडला तर त्याची पूड पडते. डेअरीत याला मिल्क स्टोन म्हणतात. दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट आणि शिजून चिकटलेलं प्रथिन यांचा हा थर. कॅन रिकामा झाल्यावर लगेच न खंगाळणं, पहिलंच पाणी कढत ओतणं आणि बोअरचं जड पाणी वापरणं, या तीन सवयींनी तो तयार होतो. त्याच्या बारीक भेगांत जंतू राहतात, आणि वरून उकळतं पाणी ओतलं तरी आतल्यांना फारशी झळ लागत नाही. सकाळचं दूध दुपारी फाटतं तेव्हा दोष पुष्कळदा या थराचा असतो.

तो काढायला बरेच जण कॉस्टिक सोडा आणतात. ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये तो कधीही घालू नये. ॲल्युमिनियम टिकतं ते हवेत आपोआप बनणाऱ्या त्याच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. कॉस्टिक तो थर विरघळवतो, मग धातूच खायला लागतो, आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला काळं पाडतो. शिवाय मिल्क स्टोनमधला क्षार भाग अल्कलीने निघतच नाही, त्याला आम्लच लागतं.

क्रम असा ठेवावा. आधी हाताला कोमट लागेल अशा पाण्याने खंगाळणं, म्हणजे प्रथिन शिजून चिकटत नाही. मग भांड्यांचा साधा साबण आणि लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश. नंतर किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्याला १५ ते २० ग्रॅम या हिशेबाने घालून ते आतल्या सगळ्या अंगाला पंधरा-वीस मिनिटं लागेल असं ठेवावं, ब्रश मारावा, ओतून द्यावं. थर जाड असेल तर पुन्हा तसंच. एकदाच तीव्र द्रावण घालून तासन् तास ठेवण्यापेक्षा सौम्य द्रावण दोनदा वापरलेलं बरं. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन उकळतं पाणी किंवा वाफ, कॅन बाहेरून हात लावता येणार नाही इतका तापेपर्यंत. आम्ल आणि ब्लीचिंगचं पाणी चुकूनही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

एवढं झाल्यावर कॅन आतून काळसर राहिला तर घाबरायचं कारण नाही. पाणी तापवल्यानेही ॲल्युमिनियमला तसा रंग येतो आणि तो निरुपद्रवी असतो. घाबरायचं ते खड्ड्यांना. टाचणीच्या डोक्याएवढे खळगे तळाशी विखुरलेले दिसले, शिवणीत चीर दिसली, किंवा कॅनला पूर्वी शिशाची झाळ लावून भोक बुजवलेलं असलं, तर त्या कॅनचं दुधाचं आयुष्य संपलं. झाकणाची रबरी रिंग जुनी असेल तर ती सरळ फेकून अन्नासाठी चालणारी नवी घालावी, कारण रबराच्या भेगा कशानेही स्वच्छ होत नाहीत.

भंगारातून घेतलेल्या कॅनबद्दल माझं मत जरा कडक आहे. दूध संपल्यावर त्यात काय ठेवलं गेलं, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. डिझेल, रंग, फवारणीचं औषध, काहीही असू शकतं. आपल्या किंवा ओळखीच्या गोठ्यातला, ज्याचा इतिहास माहीत आहे असा कॅनच पुन्हा दुधाला वापरावा. बाकीचे शोभेला.

क्रीम काढायचं हाताने फिरवायचं सेपरेटर यंत्र हा या सामानातला सर्वांत देखणा नग. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८७८ साली दूध अखंड फिरवत ठेवून साय वेगळी करणारं यंत्र बनवलं आणि १८९०च्या सुमारास त्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या चकत्या आल्या. हँडलला बऱ्याच यंत्रांत छोटी घंटा असते. गती अपुरी असेपर्यंत ती वाजत राहते, पुरेशा गतीला गप्प होते, मग दूध सोडायचं. अशा जुन्या यंत्राच्या चकत्या बहुधा कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या असतात. मुलामा झिजून तांबूस गंज दिसत असेल तर त्या बदलाव्या लागतात किंवा जाणकाराकडून पुन्हा कथील चढवून घ्यावं लागतं, तेही सगळ्यांवर सारखं. आतला वाडगा मिनिटाला हजारो फेरे घेतो. एखादी चकती जड झाली किंवा क्रम चुकला तर तोल जाऊन यंत्र थरथरू लागतं, आणि मग ते चालवणाऱ्यालाच धोका असतो. म्हणून खोलताना चकत्या आल्या क्रमाने तारेत ओवून ठेवाव्यात. गिअरमध्ये घालायचं तेलही अन्नयंत्रांसाठीचंच हवं, कारण त्याचा थेंब कुठे ना कुठे झिरपतोच.

जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली धुण्या-भरण्याला ठीक, ताक-दह्याला कधीच नाही, कारण आम्लात जस्त सहज उतरतं. लोखंडी कढईचा गंज घासून, तेल लावून तापवली की खवा आटवायला ती उत्तम, फक्त त्यात दूध रात्रभर ठेवू नये. स्टील सगळ्यात सोशिक. त्यालाही दोन गोष्टी सोसत नाहीत. तारेची घासणी मागे लोखंडाचे कण सोडते आणि तेच कण गंजतात, तर ब्लीचिंगचं पाणी रात्रभर राहिलं की बारीक छिद्रं पडतात.

मावळात या सगळ्यावर पावसाची कडी असते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेत कायम ओल असते. धुतलेलं भांडं झाकण लावून ठेवलं तर आतलं पाणी सुकतच नाही आणि उकळत्या पाण्याने केलेलं सगळं काम एका रात्रीत वाया जातं. कॅन उकळत्या पाण्याने धुतल्यावर लगेच, गरम असतानाच लाकडी फळ्यांच्या चौकटीवर पालथा घालावा. धातूच्याच उष्णतेने तो आतून सुकतो. झाकण वेगळं टांगावं. पुसायला फडकं वापरू नये, पावसाळ्यात कोरडं आणि स्वच्छ फडकं मिळणं अवघड असतं.

कल्हईच्या भांड्याची पहिली चाचणी दुधाने करू नये. त्यात आंबट ताक भरून तीन-चार तास ठेवावं. ताकाच्या कडेला हिरवट-निळसर झाक आली किंवा आत पिवळे ठिपके दिसू लागले तर कल्हई कुठेतरी उघडी आहे. ताक ओतून द्यावं, प्राण्यांनाही घालू नये. झाक आली नाही तरी तान्ह्या बाळाचं दूध मात्र स्टीलच्याच पातेल्यात तापवावं, त्याला अपवाद करू नये.

आणि जो कॅन किंवा कासंडी दुधासाठी नाही असं ठरलं, तिच्या तळाला ड्रिलने एक भोक पाडून ठेवावं. कुंडी म्हणून ती आणखी चांगली चालेल, पाणी साचणार नाही, आणि वीस वर्षांनी माळा आवरणारं कोणी ती घासून त्यात दूध तापवायला ठेवणार नाही.